चौथा बुश

चौथा बुश ढिला होता, आणि तो ढिला आहे हे मला तो काकांच्या हातात देण्याआधीच ठाऊक होतं. एवढं आधी सांगून टाकतो. पुढे मी काकांच्या विक्षिप्तपणाच्या गमती सांगणार आहे, आणि त्या वाचताना कुणाला असं वाटायला नको की मी नुसता बाजूला उभा राहून हसणारा होतो. बुश म्हणजे करंगळीच्या पेराएवढी ब्राँझची नळी. तिच्यात एक दांडी फिरते. माझ्या हातून त्या नळीचं भोक केसभर मोठं झालं आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यापायी एका माणसानं स्वतःच्या कानावरचा विश्वास सोडला.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. मूळचा कऱ्हाडकडचा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर. राहायला पाम गावात, काकांच्या घराची मागची खोली. काका माझे घरमालक, आणि त्याच कारखान्यात यंत्रदुरुस्तीला फिटर. ते मूळचे शिरगावचे. घरात बाप, भाऊ, चुलते सगळे होडीवर जाणारे. पण काकांना समुद्र लागायचा. होडीनं किनारा सोडला की यांचं पोट ढवळायला लागे. मासेमारी करणाऱ्या घरात असा मुलगा म्हणजे थट्टेचा विषय. मग बापानं त्यांना वाळूवर बसवलं आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लावलं. तिथं त्यांचा कान तयार झाला. लाकडी दांडक्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावून ते डोळे मिटत आणि आत काय बिघडलंय ते सांगत. नोकरी लागल्यावर आणि पामला घर केल्यावरही शिरगावची माणसं सुटीच्या दिवशी त्यांना न्यायला येत.

गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे 'जर्मन' म्हणत, कारण त्यांच्याकडे जर्मन गाडी होती.

ती गाडी मुळात कारखान्यात यंत्रं उभारायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरसाठी मुंबईहून जुनी आणलेली. चार दारांची, दिसायला साधी, पण आत दोन कार्ब्युरेटरांचं इंजिन. शर्यतीच्या गाडीचं काळीज घरगुती गाडीत घातलेलं. इंजिनिअर परत गेला आणि गाडी कारखान्याच्या आवारात बदामाच्या झाडाखाली राहिली. उंदरांनी सीटा खाल्ल्या, खाऱ्या हवेनं पत्रा खायला घेतला. शेवटी मालक वैतागून म्हणाले, कुणी तरी हे धूड घेऊन जा. काका तिला टेंपोच्या मागे दोर बांधून पामला घेऊन आले. नंतर कुणी विचारलं की म्हणत, "तिचं इंजिन सरळ उभं नाय, एका अंगाला कललंय. वारा भरलेल्या शिडासारखं. मी बगितलं आन् म्हटलं, ही आपल्यातली हाय."

आपल्यातली म्हटल्यावर त्यांनी तिला होडीसारखंच वागवलं. होडीच्या लाकडाला मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल लावतात, तर यांनी गाडीच्या बुडाला तेच तेल चोपडलं. गंज थांबला. पण गाडी जिथं उभी राहील तिथं पाच-सहा मांजरं जमायची. शेजारची वहिनी कुंपणावरून विचारी, "भावोजी, गाडीला बोंबील बांधलाय काय?" बोईसरच्या पेट्रोल पंपावरचा पोऱ्या नाक दाबून म्हणे, "चाचा, गाडी विलायत की और बास मच्छी मार्केट की."

"बास नाय रे, दवा हाय," काका गंभीरपणे सांगत.

उंदरांनी खाल्लेल्या सीटांच्या जागी त्यांनी जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेऊन चौकटी विणल्या. त्यावर बसून पालघरपर्यंत गेलं की पँटवर मागे जाळीचा छाप उठायचा. खड्ड्यांसाठी स्प्रिंगांखाली ठोकळे घालून गाडी चार बोटं उचलली. रेडिएटर ट्रकचा, पेट्रोलचा पंप अँबॅसेडरचा, भोंगा कुठल्याशा लाँचचा. जर्मनीहून काही मागवायचा प्रश्नच नव्हता. जे मोडलं ते पालघर-बोईसरच्या मधे जे मिळेल त्यातून करायचं, आणि न मिळालं तर माझ्याकडून लेथवर करून घ्यायचं.

आणि पावसाळ्यात गाडी बंद. होड्या पावसाआधी किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात घालतात. काकांची गाडीही त्याच हिशेबानं जूनआधी चार ओंडक्यांवर चढे, वर माडाचे झाप पडत, आणि इंजिन उघडलं जाई. मी एकदा म्हटलं, "काका, गाडी आहे ही. पावसात चालते."

"होडी बी चालते," ते म्हणाले. "पण शाणा माणूस घालत नाय."

त्या इंजिनिअरकडून काकांनी दोन गोष्टी घेतल्या होत्या. एक शब्द आणि एक नळी. शब्द 'लांगसाम', म्हणजे हळू. बोल्ट आवळताना, बैलगाडीला वाट देताना, काकू भरभर बोलायला लागल्या की, काका हात वर करून म्हणत, "लांगसाम." काकू म्हणत, "तुमच्या सामला घाला चुलीत."

नळी म्हणजे दोन हात लांबीची रबरी नळी. दोन कार्ब्युरेटर असले की दोघांनी सारखाच श्वास घ्यावा लागतो. एक जास्त ओढायला लागला की इंजिन कुंथतं. काका नळीचं एक टोक कानात धरत आणि दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. आत शिरणाऱ्या हवेचा आवाज ऐकत आणि स्क्रू केसाकेसानं फिरवत. दोन्ही आवाज एक झाले की काकूंना हाक मारत. काकू काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला आणून चालू इंजिनावर ठेवत. पाण्यावर रेघ उठली नाही की काका तेच पाणी पिऊन टाकत. त्यांचा सण तो.

एवढं सगळं करून गाडी चालवायची चाळीसच्या वेगानं. मी डिवचायचो, "पळवा की जरा."

"ती पळू शकते हे तिला ठाव हाय, मला ठाव हाय. तिसऱ्याला कशाला दाखवायचं?"

तिसऱ्याला दाखवलं ते एकदाच. एका रविवारी पालघरहून आम्ही परत येत होतो. मागून आमच्या कारखान्यातले एक साहेब नवी छोटी गाडी घेऊन आले. भोंगा वाजवत पुढे गेले आणि खिडकीतून हात काढून बाजूला व्हायची खूण केली. काका म्हणाले, "लांगसाम."

"त्यांना कुठं ऐकू जाणार?"

"त्याला नाय, मलाच सांगतोय." आणि त्यांनी गिअर खाली घेतला.

तो आवाज मला आजही नीट सांगता येणार नाही. दोन्ही कार्ब्युरेटरांनी एकदम छाती भरून घेतली आणि मी मागे जाळ्यात ढकलला गेलो, सापडलेल्या हलवा माशासारखा. साहेबांची गाडी आली आणि मागे गेली. काकांचा चेहरा इंजिनाला दांडका लावताना असायचा तसाच. पुढे वळणावर त्यांनी पुन्हा चाळीस केली, बाजूला घेतली आणि साहेबांना पुढे जाऊ दिलं.

"आता का जाऊ दिलंत?"

"त्याला घाई हाय," काका म्हणाले. "आपल्याला कुठं जायचंय, घाटी?"

मला ते घाटी म्हणायचे. त्यांच्या तोंडून ते मला आवडायचं.

आता त्यांचा एक नियम सांगायला हवा, कारण माझं पाप त्या नियमाच्या आडोशानं टिकलं. दुसऱ्यानं बांधलेली गाठ ओढून बघायची नाही. होडीवर ज्यानं जाळं बांधलं त्याची गाठ दुसऱ्यानं ओढून तपासली तर तो अपमान समजतात, असं ते सांगत. त्यांच्या बापानं अशी गाठ तपासणाऱ्या सख्ख्या भाच्याला होडीवरून उतरवलं होतं म्हणे. "बांधणाऱ्याला ठाव असतं, गाठ कशी हाय ती. त्याला सांगायचं असंल तर सांगंल." कारखान्यातही तेच. वेल्डरनं जोड दिला की काका त्यावर हातोडी मारून बघत नसत. एकदा एका नव्या इंजिनिअरनं काकांनी बसवलेल्या पंपाला गेज लावून बघितलं, तर काका हत्यारं पुसून दोन दिवस घरी बसले. गेजमध्ये चूक काहीच निघाली नव्हती.

त्या वर्षी गाडी ओंडक्यांवर गेली तेव्हा कार्ब्युरेटरच्या दांड्या खुळखुळायला लागल्या होत्या. दोन दांड्या, चार टोकं, चार बुश नवे हवेत. काकांनी दाराजवळ तारेनं टांगलेला ब्राँझचा एक जाड तुकडा काढला. त्यांच्या वडिलांच्या होडीचा पंखा शिरगावच्या खडकावर आपटून फुटला होता, त्यातलं एवढंच हाती लागलेलं. वडील गेले, होडी गेली, तुकडा राहिला. तो माझ्या हातात ठेवून म्हणाले, "बापाचा हाय. चार निघतील. पाचवा नाय."

शनिवार होता. जेवणाच्या सुटीत, साहेब कँटीनला गेल्यावर, मी लेथ चालू केला. संध्याकाळी मला गावाकडे निघायचं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी पाहायचा कार्यक्रम होता. तीन बुश मनासारखे झाले. चौथ्याला भोक शेवटचं साफ करायचं हत्यार झिजलेलं होतं. बदलायला स्टोअरमध्ये जावं लागलं असतं, चिठ्ठी द्यावी लागली असती. मी तसंच चालवलं. काकांनी मापाला दिलेली दांडी घालून पाहिली तर ती आत डुलली.

पाचवा नव्हता. मी तो बुश हातात धरून किती वेळ उभा होतो आठवत नाही. मग मी त्याच्या आत घट्ट ग्रीस भरलं. दांडी पुन्हा घातली. डुलणं बंद झालं. चारही बुश रुमालात बांधून मी काकांना दिले आणि गावाकडची गाडी गाठायला पळालो. काकांनी मोजले नाहीत, दांडी घालून पाहिली नाही. नुसते अंगठ्यानं पुसले आणि म्हणाले, "सोन्यासारखे झालेत."

नारळी पौर्णिमेला गाडी उतरली. काकूंनी तिला कुंकू लावलं, काकांनी पुढच्या चाकाशी नारळ वाढवला, आणि आम्ही तिघं शिरगावच्या किल्ल्यापर्यंत गेलो. इंजिन गात होतं. मला वाटलं, निभावलं. ग्रीस पेट्रोलनं धुऊन निघतं हे मला कळत नव्हतं असं नाही. परतताना पामच्या जवळ गाडी थांबवली तर उभ्या जागी इंजिनाचा आवाज वर-खाली व्हायला लागला.

पुढचे कित्येक दिवस काका नळी कानाला लावून त्या गाडीवर वाकलेले असत. स्क्रू फिरवत, ऐकत, पुन्हा फिरवत. काकू पेला घेऊन येत आणि पाण्यावरच्या रेघा बघून परत नेत. त्यांनी स्वतः केलेलं प्रत्येक काम खोलून पुन्हा केलं. माझ्या बुशांना हात लावला नाही. एका संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले.

"घाटी, माझ्या कानात शीळ वाजते."

"कसली शीळ?"

"बारीक. नळी लावली का वाजते. डाव्या कार्ब्युरेटरला जास्त." मग म्हणाले, "गाडीत काय नाय. सगळं बगितलं. तुझे बुश हायेत म्हणून एवढी तरी चालते. कान गेला माझा."

ती शीळ माझ्या बुशातून आत शिरणाऱ्या हवेची होती. त्यांचा कान इतका चांगला होता की केसभर फटीतली हवा त्यांनी ऐकली होती. ऐकली, आणि खोट आपल्यात काढली. मी तोंड उघडलं. "काका," म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरला दाखवू या," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट वाक्य आहे. मी स्वतः त्यांना पालघरला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी बॅटरीनं कानात पाहिलं, विचारलं, शीळ कधी वाजते. काकांनी सांगितलं, नळी लावली की. डॉक्टर हसले. "मग नळी लावू नका. इंजिनांच्या आवाजात जन्म गेलाय तुमचा, वयानं होतं असं."

काकांनी ऐकलं. नळी गुंडाळून वडिलांच्या पंख्याच्या जागी त्या तारेला टांगली. शिरगावहून माणसं आली तेव्हा म्हणाले, "माझा कान गेला. दुसरा बगा कोण तरी." ती माणसं आणखी दोन-तीनदा आली आणि मग यायची थांबली. गाडी ओंडक्यांवर चढली. आणि काकू, नवरा बहिरा होत चालला म्हणून, त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागल्या. आधी चुलीपाशी, मग घरभर, मग गल्लीत ऐकू जाईल असं. काका काही म्हणत नसत. लांगसामसुद्धा नाही.

माझं लग्न ठरलं. पुढच्या वर्षी भोसरीत नोकरी मिळाली आणि मी पाम सोडलं. निघताना काकांनी मला विणलेल्या सीटचं एक स्टूल दिलं. ते अजून आमच्याकडे आहे. मी त्यावर कधी बसत नाही.

भोसरीत मी चढत गेलो आणि शेवटी तपासनीस झालो. दुसऱ्यांच्या गाठी ओढून बघणं हीच माझी नोकरी. एके दिवशी मी एका टर्नरच्या पेटीतल्या नगांना लाल खूण करत होतो. सगळ्यांची भोकं मोठी. त्याला बोलावलं. माझ्याहून वयानं मोठा माणूस. म्हणाला, "माझंच चुकलं साहेब. हत्यार झिजलेलं होतं, मी तसंच चालवलं." एवढं बोलून तो कामाला गेला. त्याला ते सांगायला पाण्याचा घोट घ्यायला लागतो त्याहूनही कमी वेळ लागला होता.

त्याच आठवड्यात मी ब्राँझचा एक बुश केला. दांडीचं माप मला पाठ होतं. रजा टाकली आणि बोईसरला उतरलो.

पामला घर तसंच होतं. मागे झापांखाली गाडी होती. जाळीच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. मी खाली वाकून बुडाला हात लावला. बोटाला तेल लागलं, तोच वास. पंधरा वर्षं न चालणाऱ्या गाडीला ते दर वर्षी तेल लावत होते.

दारात काकूंनी मला ओळखलं आणि ओरडूनच म्हणाल्या, "अगं बाई, घाटी आलाय." मग मला म्हणाल्या, "मोठ्यानं बोल हां त्यांच्याशी. कान गेलेत."

काका ओट्यावर बसून स्टूल विणत होते. केस पांढरे झालेले, बोटं तशीच. मी समोर बसलो. मोठ्यानं बोलायचं ठरवून आलो होतो, पण आवाज वर चढेना. मी मान खाली घालून पुटपुटलो, "काका, चौथा बुश ढिला होता."

त्यांचा हात थांबला. "पुढं बोल."

त्यांना ऐकू गेलं होतं. आतल्या भांड्यांचा आवाज चालू होता, माझं मला तरी ऐकू येईल की नाही इतकं हळू मी बोललो होतो, आणि त्यांना ऐकू गेलं होतं. मी सगळं सांगितलं. झिजलेलं हत्यार, ग्रीस, पाचवा नव्हता ते, डॉक्टर.

त्यांनी विणलेल्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"म्हंजे शीळ गाडीत होती."

"गाडीतच होती."

"डाव्या बाजूला."

"हो. डाव्याच."

"मी बोललो होतो, डाव्याला जास्त."

"बोलला होतात, काका."

त्यांनी मान हलवली. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर, पेल्यातलं पाणी हललं नाही की यायचं, तसं काही तरी येत होतं. ते एकदम म्हणाले, "शिरगावला दोन इंजिनं माझ्यासमोर बिघडली. मला ऐकू येत होतं काय झालंय ते. मी बोललो नाय. म्हटलं, बहिऱ्यानं कशाला बोलायचं."

 

मी खिशातून नवा बुश काढून त्यांच्यापुढे धरला. "या वेळी मोजून घ्या. दांडी घालून बघा."

त्यांनी तो घेतला, अंगठ्यानं पुसला आणि तसाच सदऱ्याच्या खिशात टाकला. मोजला नाही.

आतून काकू ओरडल्या, "काय म्हणतोय तो? तुमाला कळतंय काय?"

काकांनी डोळे मिटले, मग उघडले. "पंधरा वर्षं ही माझ्याशी अशी वरडून बोलते," ते मला म्हणाले. "मला वाटायचं, कान गेल्यावर असंच असतंय. जा, तिला सांग. आन् लांगसाम. हळू सांग. या घरात कोण बहिरा नाय."

मी आत गेलो. काकू चुलीपुढे बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ खाली बसलो आणि म्हणालो, "काकू, काकांचा कान चांगला होता. माझा बुश ढिला होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

हळूच बोललो. बाहेर ओट्यावर पुन्हा सुरू झालेला दोरा ओढल्याचा आवाज थांबला होता. त्यांनाही ऐकू गेलं.